तेराव्या वर्षाची ताकद : जनुकांचा वाटा किती, वयाचा किती, खुराकाचा किती?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी १९ वर्षांपासून शारीरिक शिक्षण शिकवतो. यंदा जूनमध्ये आम्ही आठवीच्या मुलामुलींच्या हाताच्या पकडीची ताकद डायनामोमीटरवर मोजली. मूठ आवळली की काटा किलोमध्ये आकडा दाखवतो, इतके हे साधे उपकरण आहे. एकाच वर्गातल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांपैकी एकाचा आकडा १६ आला आणि दुसऱ्याचा ३५. दोघेही शेतकऱ्यांच्या घरचे, दोघेही सायकलने शाळेत येणारे, दोघेही कबड्डीच्या संघातले.

दोन आठवड्यांनी त्यातल्या पहिल्या मुलाचे वडील एका खासगी प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन मला भेटायला आले. मुलाची लाळ पाठवून त्यांनी जनुकांची तपासणी करून घेतली होती आणि अहवालात ‘ताकदीच्या व वेगाच्या खेळांसाठी अनुकूलता कमी’ असे छापून आले होते. मुलाला कबड्डीतून काढावे काय, असे ते विचारत होते आणि मुलगा शेजारी खाली मान घालून उभा होता. एवढ्यात काही ठरवू नका, असे मी त्यांना सांगितले. पण का ठरवू नये, हे मला त्या दिवशी नीट सांगता आले नाही. म्हणून गेले काही महिने वाचत आहे. जे समजले ते येथे मांडतो. चुकत असेल तेथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

या विषयातली बहुतेक माहिती जुळ्यांच्या अभ्यासांतून आलेली आहे. एकाच फलित बीजातून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळपास सारखी असतात, तर दोन वेगळ्या बीजांतून झालेली जुळी ही जनुकांच्या बाबतीत साध्या भावंडांसारखीच असतात. दोन्ही प्रकारची जुळी एका घरात, एका ताटात वाढतात. तेव्हा ताकदीच्या बाबतीत पहिल्या प्रकारची जुळी एकमेकांना दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षा जितकी अधिक जवळची निघतात, तितका जनुकांचा प्रभाव अधिक मानला जातो. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाने शंभरावर जुळ्यांच्या जोड्या वयाच्या १० व्या वर्षापासून १८ व्या वर्षापर्यंत पुन्हा पुन्हा मोजल्या. आपल्या प्रश्नासाठी हा अभ्यास मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात तीच मुले वाढताना पाहिलेली आहेत. १० व्या वर्षी जो आपल्या वयाच्या मुलांत बलवान, तो पुढेही साधारण तसाच राहतो आणि त्यामागे जनुकांचा मोठा हात असतो, असे त्यांना दिसले. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तरुणांची ताकद मोजत असत. त्या दहा लाखांहून अधिक तरुणांच्या नोंदींतून भावांची आणि जुळ्यांची तुलना झाली, तिथेही ताकदीतल्या तफावतीचा अर्ध्याच्या आसपासचा किंवा थोडा अधिक वाटा जनुकांकडे गेला. २०१७ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशोब झाला, तेव्हा सरासरी आकडा ५२ टक्के आला.

आता माझा प्रश्न असा, की हा ५२ टक्क्यांचा आकडा त्या १६ किलोच्या मुलाबद्दल नेमके काय सांगतो?

जाईचा_मांडव

सर, धागा काढल्याबद्दल आभार. मला ११ वर्षांच्या जुळ्या मुली आहेत. एकाच बीजातल्या आहेत, असे डॉक्टरांनी जन्माच्या वेळीच सांगितले होते. एक मल्लखांब करते, दुसरी तबला शिकते. मल्लखांब करणारीच्या हातात अर्थातच जास्त जोर आहे. पण खरे सांगायचे तर तिने मल्लखांब सुरू करण्याच्या आधीपासून, अगदी रांगत्या वयापासून, तीच अधिक दणकट होती. जनुके सारखी असतील तर हा फरक आला कुठून? आणि ५२ टक्के म्हणजे माझ्या मुलीची निम्मी ताकद आमच्याकडून आली आणि निम्मी तिने कमावली, असे समजायचे का?

पेशीवाचक

मी आनुवंशिकतेत संशोधन करतो, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही ताई, तसे समजायचे नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते.

५२ टक्के हा आकडा कोणत्याही एका मुलाच्या ताकदीची वाटणी करत नाही. तो एखाद्या समूहातल्या माणसामाणसांमधल्या तफावतीबद्दल बोलतो. त्या समूहात जे फरक दिसतात, त्यांपैकी किती फरकांचा मेळ जनुकांमधल्या फरकांशी बसतो, एवढेच त्यातून कळते. समूह बदलला की आकडा बदलतो. समजा, एका तालमीत ४० मुले राहतात. सगळ्यांना तेच दूध, तीच पहाट, तितकेच जोर आणि तितक्याच बैठका. वर्षानंतर त्यांच्यात जो फरक उरेल तो मुख्यतः जनुकांचा असेल, कारण बाकीचे सगळे वस्तादांनी सारखे करून टाकले आहे. आता दुसरीकडे अशी ४० मुले घ्या, ज्यांतली काही दोन वेळ पोटभर जेवतात आणि काही जेवत नाहीत. जनुके तेवढीच वेगळी असूनही तिथे आनुवंशिकतेचा आकडा खाली येईल, कारण ताटातला फरकच मोठा आहे. म्हणजे आकडा मोठा असणे याचा अर्थ ‘इथे प्रयत्नांचा उपयोग नाही’ असा होत नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच असतो, की तिथल्या मुलांना परिस्थिती बरीचशी सारखी मिळाली. बेल्जियम आणि स्वीडन येथील आकडे आपल्याकडच्या तालुक्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत, ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट त्या अहवालाची. अशा चाचण्यांत जे जनुक बहुधा पुढे केले जाते त्याचे नाव एसीटीएन-३. वेगाने आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंमध्ये अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचे प्रथिन असते, ते या जनुकावरून तयार होते. जगातल्या सुमारे दर पाच-सहा माणसांमागे एकाकडे या जनुकाच्या दोन्ही प्रती अशा असतात, की हे प्रथिन मुळीच तयार होत नाही. हा काही आजार नाही, अशी माणसे पूर्ण निरोगी असतात. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले, की अव्वल दर्जाच्या वेगवान धावपटूंमध्ये अशी माणसे फार विरळ आढळतात. तिथून ‘वेगाचे जनुक’ हे नाव पडले आणि त्याचा बाजार उभा राहिला.

परंतु वाढत्या मुलांत त्याचा परिणाम किती, हे ग्रीसमधल्या जवळपास १,००० किशोरवयीन मुलामुलींमध्ये तपासले गेले आहे. मुलांच्या ४० मीटर धावण्याच्या वेळेतल्या तफावतीपैकी सुमारे २ टक्के तफावत या जनुकाशी जोडता आली. मुलींमध्ये तर काहीच संबंध आढळला नाही, आणि पकडीच्या ताकदीशी मुलांमध्येही नाही. हे प्रथिन अजिबात नसलेला स्पेनचा एक लांब उडीपटू ८ मीटरपेक्षा लांब उडी मारत होता आणि दोनदा ऑलिंपिकला गेला होता. सर, त्या वडिलांना हे दोन दाखले अवश्य सांगा.

मग उरलेला जनुकांचा वाटा कुठे आहे? तो डीएनएमध्ये पुष्कळ जागी थोडाथोडा विखुरलेला आहे. २०१७ साली ब्रिटनमधल्या सुमारे १,९५,००० प्रौढांच्या पकडीचा अभ्यास झाला, तेव्हा ताकदीशी संबंध असलेल्या अशा १६ जागा सापडल्या आणि पुढच्याच वर्षी ती संख्या ६४ वर गेली. प्रत्येक जागेचा परिणाम अगदी किरकोळ आहे. एकच जनुक ताकद ठरवते अशी उदाहरणे अतिशय दुर्मीळ असतात. २००४ साली बर्लिनमधल्या एका मुलाची नोंद झाली, त्याच्यात स्नायूंची वाढ रोखणारे मायोस्टॅटिन हे प्रथिन तयारच होत नव्हते. तो साडेचार वर्षांचा असताना तीन-तीन किलोची दोन वजने हात आडवे ताणून धरू शकत असे. बेल्जियन ब्लू जातीचे बैल ज्यांनी चित्रात पाहिले असतील, त्यांना त्याच बिघाडाचे रूप ठाऊक आहे. अशा मुलासाठी लाळेच्या चाचणीची वाट पाहावी लागत नाही, ते जन्मतःच दिसते.

लालमाती

मी कोल्हापूरचा. आजोबा तालमीत वस्ताद होते, म्हणून थोडा वेगळा सूर लावतो. रक्ताचे महत्त्व कमी करून चालणार नाही. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. गोळेश्वरच्या त्या घरात त्यांचे वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले मल्ल होते. आमच्या भागात वडील, चुलते, मुलगा असे तीन-तीन पिढ्यांचे पैलवान आजही दाखवता येतील. आजोबा नवीन आलेल्या पोराचे मनगट हातात धरून बघत, खांदा बघत आणि मग विचारत, ‘बाप काय करतो?’ त्यांनी जनुक हा शब्द ऐकला नव्हता. पण ते बघत होते ते हेच असावे.

मात्र एक गोष्ट सांगतो, जी तुमच्या बाजूनेही जाईल. मिसरूड फुटायच्या आधी कोणाबद्दलही ते शेवटचा शब्द देत नसत. लहान पोरांकडून जोर-बैठका, दोरावर चढणे आणि फावड्याने हौद्याची माती उकरणे एवढेच करून घेत. ‘अजून हाड पिकलं नाही’ असे म्हणत आणि दोन पावसाळे थांबत. मी स्वतः असे दोघेजण पाहिले आहेत, जे बाराव्या-तेराव्या वर्षी सगळ्यांकडून चीत होत होते आणि अठराव्या वर्षी त्यांच्यासमोर उभे राहायला जोडीदार मिळत नव्हता.

पेशीवाचक

लालमाती, मनगटाची गोष्ट खरी आहे. हाडांची रुंदी, उंची, हाता-पायांची लांबी यांवर जनुकांचा प्रभाव ताकदीपेक्षाही अधिक असतो, आणि मोठ्या चौकटीवर स्नायू अधिक बसतात. घराण्याच्या बाबतीत मात्र जपून बोलावे लागते. पैलवानाच्या घरात मुलाला जनुके मिळतात आणि त्याच घरात दूध, बदाम, पहाटेची शिस्त आणि कुस्तीचे वातावरणही मिळते. बाहेरून पाहताना ही दोन्ही धाग्यांची वीण सुटी करता येत नाही. खाशाबांच्या बाबतीत तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले आणि लोकांनी वर्गणी काढली, तेव्हा हेलसिंकीचा खर्च उभा राहिला. ते पदक त्या घराच्या गहाणखतावरही उभे आहे.

बालरोग_नाशिक

मी बालरोगतज्ज्ञ आहे. ‘हाड पिकलं नाही’ या तीन शब्दांत मूळ प्रश्नाचे निम्म्याहून अधिक उत्तर आलेले आहे. सरांच्या १६ आणि ३५ या आकड्यांकडे पाहिल्यावर माझ्या मनात प्रथम जनुकांची चाचणी येत नाही, ही दोन मुले वयात येण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहेत, हा प्रश्न येतो.

मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढण्याचा काळ साधारण १२ व्या वर्षाच्या सुमारास येतो आणि मुलांचा १४ व्या वर्षाच्या सुमारास, परंतु दोन्हीकडे काही वर्षांचा पुढेमागे फरक पूर्णपणे नैसर्गिक असतो. जन्मतारीख एकच असलेली तेरा वर्षांची दोन मुले शरीराने तीन-चार वर्षांच्या अंतरावर असू शकतात. मुलांच्या ताकदीची मोठी उडी उंचीच्या उडीबरोबर येत नाही, ती त्यानंतर काही महिने ते वर्षभराने येते, कारण टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढल्यावर स्नायूंना भरायला वेळ लागतो. म्हणून एखादा मुलगा एकदम उंच होतो, हातपाय लांबतात, आणि काही काळ तो आधीपेक्षा अवघडलेला दिसतो. पालक घाबरतात. त्या काळात त्याची परीक्षा घेऊ नये.

मुलींमध्ये अशी ठळक उडी दिसत नाही. त्यांची ताकद वाढते, पण चढ सौम्य असतो. लवकर वयात आलेली मुलगी काही काळ वर्गातल्या मुलांपेक्षाही बलवान असते आणि पुढे तिला उगीच वाटू लागते की आपण मागे पडलो. शाळांनी मुलींचे आकडे मुलींच्या मागच्या आकड्यांशीच ताडून पाहावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता यात गुंता असा आहे, की वयात कधी यायचे हेदेखील मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. आईला पाळी कधी आली, वडिलांची उंची कोणत्या वर्षी वाढली, हे विचारले तर मुलांच्या वेळापत्रकाचा बराच अंदाज येतो. म्हणजे तेराव्या वर्षी दिसणाऱ्या फरकात जनुके आहेतच. पण त्यांतली काही ‘किती’ ठरवणारी आहेत आणि काही नुसती ‘केव्हा’ ठरवणारी. सर, त्या मुलाच्या वडिलांना ते स्वतः केव्हा उंच झाले ते विचारा.

थेम्सकाठची_सून

केव्हा आणि किती हा फरक इथे इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या अकादमींनी मनावर घेतला आहे. माझा मुलगा १३ वर्षांचा आहे आणि उशिरा वाढणाऱ्यांपैकी आहे. मुलाची सध्याची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून त्याच्या प्रौढ उंचीचा अंदाज बांधतात, त्यापैकी किती टक्के उंची आज गाठली आहे ते पाहतात आणि काही सामने त्या टक्केवारीनुसार गट पाडून खेळवतात. अशा एका सामन्यात माझा मुलगा आपल्यापेक्षा वयाने लहान पण शरीराने बरोबरीच्या मुलांबरोबर खेळला आणि पहिल्यांदाच चेंडू पायाशी ठेवून मान वर करून बघत होता. धक्का बसून पडायची भीती नसली की मुलाला खेळाचा विचार करायला जागा मिळते.

बालरोग_नाशिक

जाईताई, तुमच्या जुळ्यांचा प्रश्न राहिला. जन्माच्या वेळी त्यांची वजने किती होती?

जाईचा_मांडव

मल्लखांब करणारीचे २.३ किलो आणि दुसरीचे १.८ किलो. दुसरीला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवले होते.

बालरोग_नाशिक

मला तोच अंदाज होता. एका बीजातली सुमारे दोन-तृतीयांश जुळी गर्भात एकाच वारेवर वाढतात आणि त्या वारेतला रक्तपुरवठा दोघांना नेहमी सारखा मिळतोच असे नाही. जनुके सारखी असली तरी गर्भातला घास सारखा नव्हता. जन्मवजन आणि पुढच्या आयुष्यातली पकडीची ताकद यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. तो फार मोठा नसतो, पण टिकून राहतो. तुमची दुसरी मुलगी त्यामुळे कायमची दुबळी ठरत नाही. तिला फक्त सुरुवात अर्धा किलो मागून करावी लागली.

हा मुद्दा जुळ्यांपुरता नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करत आले आहेत. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आठशे ग्रॅमच्या या तुटीत चरबी तुलनेने राखलेली होती, स्नायू मात्र बरेच कमी पडलेले होते. सर, तुमच्या वर्गातली मुले अशाच गावांतली आहेत. दिसायला बेताची जाड असलेली मुलेही स्नायूंनी कमी असू शकतात. याशिवाय २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी असले की स्नायूंना प्राणवायू कमी पडतो आणि मूल लवकर थकते. जनुकांचा अहवाल मागवण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, आणि त्यात काही कमी निघाले तर ते भरून काढता येते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते. सगळ्यांना सारखा सराव दिला तरी काहींची ताकद भराभर वाढते आणि काहींची वाढत नाही, हा माझा जुना अनुभव आहे. सरावाला शरीर किती दाद देते, हेही जनुकांवर ठरते का? आणि या वयात वजने उचलल्याने उंची खुंटते असे पालक म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

पेशीवाचक

पहिल्याचे उत्तर काही अंशी होय. अमेरिकेत ५८५ तरुण स्त्री-पुरुषांना १२ आठवडे एकाच हाताचा ठरावीक व्यायाम दिला होता. काहींच्या ताकदीत काहीच वाढ झाली नाही आणि काहींची २५० टक्क्यांनी वाढली. हे फरक सगळेच जनुकांचे नसतात. झोप, आहार आणि सुरुवातीची ताकद यांचाही त्यात भाग असतो. जुळ्यांना एकत्र सराव देऊन पाहिलेल्या अभ्यासांत मात्र जनुकांचा काही वाटा निश्चित दिसतो. ती प्रौढ माणसे होती, हे विसरू नका. वयात येण्यापूर्वीच्या मुलांत सरावाने जी ताकद वाढते ती स्नायू फुगल्यामुळे फारशी नसते. मेंदू आणि मज्जातंतू अधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी, योग्य क्रमाने कामाला लावायला शिकतात म्हणून ती वाढते. म्हणून त्या वयात हात-पाय दिसायला तसेच राहतात आणि काटा पुढे सरकतो. पालकांना हे माहीत नसल्याने ‘काही फरक पडत नाही’ म्हणून ते सराव बंद करतात, याचे मला फार वाईट वाटते.

उंची खुंटण्याबद्दल डॉक्टरांनीच सांगावे.

बालरोग_नाशिक

जाणकार माणसाच्या देखरेखीखाली, बेताच्या वजनाने आणि योग्य पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटते असे दिसून आलेले नाही. हाडांच्या वाढणाऱ्या टोकांना इजा होते ती पद्धत चुकल्याने, एकट्याने जास्तीत जास्त वजन उचलून पाहण्याच्या ईर्षेने. जोर, बैठका, दोर, मल्लखांब हे स्वतःच्या शरीराच्या वजनाचे व्यायाम या वयाला उत्तम आहेत.

त्या चाचणीबद्दल एक भर घालतो. २०१५ साली या क्षेत्रातल्या अनेक तज्ज्ञांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. कोणत्याही लहान मुलाची किंवा तरुण खेळाडूची अशी थेट विकली जाणारी जनुकीय चाचणी खेळाची निवड करण्यासाठी किंवा सराव ठरवण्यासाठी करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सरांनी याचा मराठी सारांश शाळेच्या फलकावर लावायला हरकत नाही.

कृष्णाकाठ

दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा मोजमाप झाले, म्हणून धागा वर काढतो.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्या मुलाच्या वडिलांना विचारले. दहावीच्या वर्गफोटोत आपण सर्वांत पुढच्या रांगेत बसलो होतो आणि बारावीनंतर कपडे पुरेनासे झाले, असे ते म्हणाले. हे सांगता सांगता ते स्वतःच थांबले आणि मुलाकडे पाहू लागले. अहवालाबद्दल मला पुढे काही बोलावे लागले नाही. मुलाचे हिमोग्लोबिन तपासले, ते कमी निघाले, आणि आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत.

जूनमध्ये त्याची उंची १४३ सेंटिमीटर होती, आता १४६ आहे. पकड १६ वरून १८ किलोवर आली आहे. ३५ किलोवाला मुलगा ३६ वर आहे आणि त्याची उंची जवळजवळ थांबली आहे. त्यालाही मी तसे नीट समजावून सांगितले, कारण पुढच्या दोन वर्षांत बरोबरीची मुले जवळ येतील तेव्हा त्याचा धीर सुटू नये. दोघेही संघात आहेत. लहानाला सध्या पकडीच्या साखळीत न ठेवता चढाईला पाठवतो. पाय चपळ आहेत आणि बोनस रेषा त्याला बरोबर सापडते.

आता प्रत्येक मुलाच्या नोंदीत पकडीच्या शेजारी उंचीचा रकाना वाढवला आहे आणि आईवडिलांच्या उंचीचाही. मुलींची वही वेगळी केली आहे. पुढचे मोजमाप जानेवारीत आहे, तेव्हाचे आकडे येथेच लिहीन.